चंद्रावरचा शॉवर आणि आबांची मोटर

आधीच सांगून ठेवते, मी दमलेय. गोष्ट सांगता सांगता मध्येच जांभई आली तर रागवायचं नाही.

बारा वर्षांची मुलगी कशाने एवढी दमते, असं सगळेच विचारतात. विचारणाऱ्यांनी एकदा चंद्रावर तांब्या हातात घेऊन बघावा. मी केतकी मगदूम. राहते धवलवाडीत. ही वाडी चंद्राच्या दक्षिण टोकाजवळ आहे, जमिनीखालच्या बोगद्यांत. घरात आम्ही तिघं: आई, आईचे वडील म्हणजे आबा, आणि मी. बाबा पृथ्वीवर कामाला आहेत, ते पुढच्या यानाने येतील. आणि हो, नवबा. तो आमचा घरकामाचा यंत्रमानव. मूळ नाव सेवक-नऊ, पण आबांनी त्याला कधीच नवबा करून टाकलाय. तो इतका जुना झालाय की सकाळी चार्ज केला तर दुपारपर्यंत मान टाकतो.

आई बर्फाच्या खाणीवर यंत्र चालवते. चंद्राच्या खोल खड्ड्यांत कधीच ऊन पोचत नाही, तिथे मातीत बर्फ दडलेला असतो. तो काढून वितळवला की आमचं पाणी होतं. सगळ्या वाडीला पाणी पुरवणारी माझी आई, आणि तिलाच धड अंघोळ मिळत नव्हती. तिचा उजवा खांदा आखडलाय. हात कानाच्या वर जातच नाही, त्यामुळे डोक्यावरून तांब्या ओतणं बंद. मग ओतायचा कोणी? मी!

आता तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं. अहो, इथे पाणी पडतच नाही धड! तांब्या उपडा केला की पाणी रमतगमत खाली येतं, मोठे मोठे गोळे होऊन अंगाला चिकटून बसतं. निम्मं माझ्या बाहीत जातं. आणि ती धूळ! चंद्राची धूळ फार वाईट. पृथ्वीवर वारा आणि पाणी मातीच्या कणांच्या कडा घासून गुळगुळीत करतात. इथे वारा नाही, वाहतं पाणी नाही, त्यामुळे कण काचेच्या चुऱ्यासारखे टोकदार राहतात. आई कितीही कपडे झटकून आली तरी ते केसांत, मानेवर बसलेले असतातच. वास कसा, तर फटाका फुटून गेल्यावर येतो तसा. दोन-चार तांबे झाले की आईचे डोळे मिटायला लागायचे. "राहू दे गं केते, उद्या बघू," म्हणायची आणि तशीच झोपायची. झोपेत मान खाजवत राहायची. मला ते शेजारच्या अंथरुणावर ऐकू यायचं. रडूही यायचं आणि रागही यायचा, दोन्ही एकदम.

"मग शॉवर का नाही लावत?" असं विचाराल तर तिथेच तर सगळं कोडं आहे. शॉवर होता की! आबांनी सांगलीच्या घरचा शॉवर, त्याची पितळी चाळणी, सगळं सामानात घालून आणलं होतं. सांगलीला टाकी शॉवरच्या सहा फूट वर होती आणि पाणी मस्त यायचं. आबांनी इथेही टाकी मोजून सहा फूट वरच बसवली. (इथली छतं उंच असतात, कारण नवीन आलेली माणसं चालताना उसळून डोकं आपटून घेतात.) तोच शॉवर, तीच उंची, टाकी काठोकाठ भरलेली. आणि पाणी कसं यायचं? बाळाची लाळ गळते ना, तसं.

आबा मोठे शास्त्रज्ञ. चंद्राच्या मातीबद्दल त्यांना विचारा, जेवण थंड होईपर्यंत बोलतील. पण नळाचं काम म्हटलं की त्यांची गाडी अडते. आणि तसं बोलून दाखवलेलं त्यांना अजिबात खपत नाही.

"चाळणीत कचरा अडकला असणार बघ," ते म्हणाले. चाळणी तीनदा साफ करून झाली होती.

शेवटी मी नवबाला गाठलं. तो कोपऱ्यात चार्जिंगला बसला होता.

"नवबा, सांगलीला येणारं पाणी इथे का येत नाही?"

"सांगतो," नवबा म्हणाला. त्याचा आवाज नेहमी नुकतंच झोपेतून उठवल्यासारखा असतो. "घरात गोधड्या किती आहेत? एकावर एक रचा."

मी रचल्या. कुरकुर केली, पण रचल्या.

"आता सगळ्यांत खालच्या गोधडीखाली हात घाला. दाबल्यासारखा वाटतो ना? वरच्या सगळ्या गोधड्यांचं वजन त्या हातावर आहे. पाण्याचंही तसंच. टाकीपासून शॉवरपर्यंत पाण्याचा उभा खांब असतो. वरच्या पाण्याचं वजन खालच्या पाण्याला दाबतं. त्यालाच दाब (ठरावीक जागेवर पडणारा जोर) म्हणतात. टाकी किती मोठी आहे याने फरक पडत नाही. खांब किती उंच आहे, याने पडतो."

"उंची तर तेवढीच आहे!"

"उंची तेवढीच. वजन?"

मी गोधड्यांकडे बघितलं. सांगलीला असताना दोन गोधड्या उचलताना मी वाकायचे. इथे सगळी चळत एका हाताने उचलली होती, आणि मला त्याचं काही वाटलंही नव्हतं.

"चंद्राचं गुरुत्वाकर्षण (वस्तूला खाली ओढण्याची शक्ती) पृथ्वीच्या एक षष्ठांश," नवबा म्हणाला. "प्रत्येक गोधडी सहापट हलकी. पाणीही सहापट हलकं. म्हणजे तुमची सहा फुटांची टाकी पृथ्वीवरच्या..."

"एक फुटासारखी!" मी ओरडलेच.

"एक फुटासारखी. आता मला झोपू द्या."

आबा दारात उभे राहून सगळं ऐकत होते. त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं व्हय की! आयुष्यभर हे पोरांना शिकवलं मी, आणि टाकी बसवताना डोकं कुठं गेलं होतं माझं?"

म्हणजे सांगलीसारखं पाणी हवं असेल तर टाकी छत्तीस फूट वर हवी. ती बोगद्याचं छत फोडून थेट चंद्राच्या पाठीवर गेली असती आणि पाण्याचं क्षणात काय झालं असतं ते विचारू नका.

"टाकी नाही ना वर नेता येत," आबा म्हणाले, "मग पंप लावू. पंप पाण्याला उंची उसनी देतो. पाणी असतं जागच्या जागीच, पण त्याला वाटतं आपण मोठ्या मनोऱ्यावरून उतरतोय."

वाडीच्या भांडारात छोटा शॉवरपंप एकच होता. देताना भांडारवाल्या बाईंनी बजावलं, "आबा, हा जपून वापरा. हा गेला तर दुसरा दिवाळीनंतरच्या यानाने येणार." प्लंबरही वाडीत एकच, आणि तो खाणीच्या मोठ्या पाइपांच्या कामात महिनाभर अडकलेला. त्यामुळे काम आम्हालाच करायचं होतं. आणि आजच करायचं होतं, कारण खाणीवरची मोठी पाळी संपवून आई आज संध्याकाळी घरी यायची होती.

आधी टाकीखालचा कॉक बंद केला आणि नळ उघडून पाइपातलं उरलेलं पाणी बादलीत काढलं. ते विसरलं की पाइप कापताच तोंडावर पिचकारी बसते. मग आबांनी करवतीने पाइप कापला. कापलेल्या कडेला बारीक कुसळं राहतात, ती मी पॉलिश पेपरने घासून काढली, नाहीतर ती पंपात जाऊन बसतात. पाणी गळू नये म्हणून पाइपाच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली. तीही नट ज्या बाजूने फिरतो त्याच बाजूने गुंडाळायची. मी आधी उलटी गुंडाळली आणि नट लावताना सगळी सुटून आली, तेव्हा शिकले. पंपाच्या दोन्ही बाजूंना वाकणारे लांब पाइप जोडले. वायर जोडायचं काम नवबाचं. (विजेचं काम मुलांनी करायचं नाही. आमच्या वाडीत वीज फक्त चोवीस व्होल्टची असते, झटका बसत नाही, तरीसुद्धा नाही.)

आणि पंप ठेवला कुठे? आबांनी भिंतीला फळी ठोकली, पार छताजवळ, टाकीच्याही वर. टाकीच्या तळातून पाइप वर पंपात, आणि तिथून परत खाली शॉवरला.

"एवढ्या वर कशाला आबा?"

"मोटर खाली ठेवायची नसते," आबा म्हणाले. विषय संपला.

बटण दाबलं. घर्रर्र! पंप असा ओरडला की शेजारच्या बोगद्यातून कोणीतरी भिंत ठोकली. शॉवरमधून काय आलं? काही नाही. एक थेंब नाही.

"येईल, येईल," आबा म्हणत राहिले. पंपाचा आवाज कर्कश झाला आणि रबर तापल्याचा वास सुटला.

"बंद करा," नवबा म्हणाला. तो सहसा आवाज चढवत नाही, पण आता चढवला. "पंप कोरडा फिरतोय. आतली रबरी कडी पाण्यानेच थंड राहते. पुन्हा असा चालवलात तर ती जळेल."

मी धडपडत बटण बंद केलं. आबा खाली बसले. मीही बसले. घामाने माझा सदरा पाठीला चिकटला होता, हाताला फोड आला होता, आणि आई यायला फार वेळ उरला नव्हता. मला वाटलं, मरू दे तो शॉवर. आजही तांब्याच घेऊ.

पण झोपेत मान खाजवतानाचा तो आवाज आठवला. मग उठले.

"नवबा, तो पाणी खेचत का नाही? सरबत नाही का आपण नळीने खेचत?"

"पंप खेचत नाही. फेकतो," नवबा म्हणाला. "आत पात्यांची चकती गरगर फिरते. ताक घुसळताना रवी जोरात फिरली की ताक कडेला उडतं, तसं ती पाणी कडेला फेकते. फेकलेल्या पाण्याची जागा रिकामी होते, तिथे मागचं पाणी येतं. याला अपकेंद्री पंप (मधून बाहेर फेकणारा पंप) म्हणतात. आता रवी रिकाम्या भांड्यात फिरवा."

"काय उडणार? हवा!"

"हवा पाण्यापेक्षा शेकडो पट हलकी. ती धड फेकलीच जात नाही. मग जागा रिकामी होत नाही आणि मागून पाणी वर येत नाही. आपला पंप टाकीच्या वर आहे. पाणी आपणहून वर चढत नाही, त्यामुळे त्याच्या पोटात नुसती हवा आहे."

"म्हणजे पंप टाकीच्या खाली हवा. मग पाणी आपोआप उतरून त्याच्यात भरेल, आणि तो नुसतं पुढे ढकलेल."

"मला विचारलं असतं तर सकाळीच सांगितलं असतं."

"तू मग बोलला का नाहीस?" मी भडकले.

"मला वाटलं, फळी शोभेची आहे."

मी आबांकडे वळले. "आबा, पंप खाली घेऊ. जमिनीवर."

"जमिनीवर नाही," आबा म्हणाले.

"अहो पण आत्ता नवबा काय म्हणाला..."

"मोटर जमिनीवर ठेवायची नाही, सांगितलं ना एकदा!" आबा माझ्यावर कधी ओरडत नाहीत. ओरडले आणि स्वतःच दचकले.

"मी तुझ्यापेक्षा लहान होतो," ते म्हणाले. "सांगलीत महापूर आला. आमची मोटर अंगणात जमिनीवरच होती. पाणी शिरायला लागल्यावर माझी आई कमरेएवढ्या पाण्यातून ती सोडवायला गेली, पण नट गंजलेले, निघेचनात. बुडाली मोटर. पूर ओसरला तेव्हा घरात हा एवढा गाळ. विहिरीत पाणी, पण उपसायला मोटर नाही. आख्ख्या गल्लीच्या मोटरी जळालेल्या. आई कुठून कुठून कळशीने पाणी आणायची आणि आम्हा पोरांना अंघोळ घालायची. स्वतः मात्र तशीच, चिखलाने माखलेली झोपायची. त्यानंतर आमच्याकडे सगळ्यांनीच मोटरी उंच ओट्यावर चढवल्या बघ."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. "आबा, इथे नदी नाही. पाऊस नाही."

"माहीत आहे गं. मीच शिकवतो ते सगळ्यांना," आबा म्हणाले. "डोक्याला माहीत आहे. हातांना कोण सांगणार?"

मग त्यांनीच उठून फळीवरचा पंप उतरवला आणि मोरीच्या उंबऱ्याबाहेर जमिनीवर रबराच्या तुकड्यावर ठेवला. रबर असलं की पंपाची थरथर जमिनीत जात नाही आणि शेजारी भिंत ठोकत नाहीत. या वेळी आम्ही घाई केली नाही. आधी कॉक उघडला. शॉवरमधून लाळ गळायला लागली, मग बुडबुडे आले, फुसफुस झाली. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत वाट बघितली. पाइपातली हवा निघून गेली, पंपाचं पोट पाण्याने भरलं. मग बटण.

गुर्र. एवढाच आवाज. आणि शॉवरमधून असं पाणी सुटलं की समोरच्या भिंतीवर तडातड वाजलं! मी कपड्यांसकट खाली जाऊन उभी राहिले. आबा ओरडत होते, "अगं येडी का काय, बाहेर ये!" आणि हसत होते.

आई आली तेव्हा चालत नव्हती, पाय ओढत होती. दारातच म्हणाली, "केते, आज अंघोळ नको गं. मला नुसतं झोपायचंय."

"आई, आज तांब्या नाही. तू फक्त उभी राहा."

तिला ढकलतच मोरीत पाठवलं आणि दार लावलं. बटण दाबलं. आतून आधी "अगं बाई!" ऐकू आलं, मग काहीच नाही, नुसता पाण्याचा आवाज. आबा आणि मी बाहेर भिंतीला टेकून बसलो. आई बाहेर येण्याचं नाव घेईना. आम्हालाही घाई नव्हती.

तेवढ्यात माझ्या पायाच्या बोटांना गार लागलं.

खाली बघते तर दाराच्या फटीतून पाणी! उंबरा ओलांडून पसरत निघालेलं, सरळ पंपाकडे.

"नवबा! पाणी का साचतंय?"

"मोरीचं भोक पाणी कशाने ओढतं?" नवबा म्हणाला. त्याचा एक डोळा विझला होता. "गुरुत्वाकर्षणानेच. तेही इथे दुबळं. पंपाने येणारं पाणी आपण वाढवलं, जाणारं तेवढंच हळू राहिलं. माझी बॅटरी एक टक्का आहे. शुभ रा..." आणि त्याने मान टाकली.

"आबा, पंप बंद करू?" माझा हात बटणावर होता.

"नको!" आबा म्हणाले. "हात लावू नकोस. तिची अंघोळ होऊ दे."

ते पाण्यात वाकले आणि चालू पंप दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरला. वाकणारे पाइप त्याच्याबरोबर वर आले. पंप टाकीच्या खालीच होता, त्यामुळे पाणी तुटलं नाही. गुर्र चालूच राहिलं. मी खराटा घेऊन पाणी मागे लोटत सुटले, ते आपलं पुन्हा सावकाश पुढे यायचं. आबांची बोटं बुडाली, पावलं बुडाली. पंप चंद्रावर काही जड नाही, पण थरथरत्या वस्तूला इतका वेळ धरून दाखवा बरं. मी म्हटलं, मी धरते जरा. तर मान हलवून नाही म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

अखेर दार उघडलं आणि मी बटण बंद केलं. आई उभी होती. केस ओले, मान लालसर पण स्वच्छ, चेहरा असा की कित्येक महिन्यांत मी पाहिला नव्हता. तिने बाहेर बघितलं. घोट्याएवढ्या पाण्यात तिचे वडील मोटर कवटाळून उभे.

"आबा! हे काय?"

"पूर आला होता," आबा म्हणाले. "मोटर वाचवली."

आई हसायला लागली. इतकी हसली की तिला उंबऱ्यावर बसावं लागलं, आणि मग हसता हसता तिने डोकं आबांच्या गुडघ्याला टेकवलं. तिला ती जुनी गोष्ट माहीत असणार.

त्या रात्री मान खाजवल्याचा आवाज आला नाही. मी मुद्दाम जागी राहून ऐकायचं ठरवलं होतं, पण मलाच झोप लागली.

दुसऱ्या दिवशी नवबा चार्ज झाल्यावर आम्ही भिंतीवर दोन रेघा मारल्या. वरची रेघ टाकीच्या तळाची. पंप हिच्या खालीच हवा, म्हणजे तो कोरडा पडणार नाही. खालची रेघ काल पाणी जिथवर चढलं होतं तिथली. पंप हिच्या वरच हवा, म्हणजे तो बुडणार नाही. या दोन रेघांच्या मध्ये कुठेही ठेवा, पंप खूश. आबांनी खालच्या रेघेच्या जरा वर चंद्रमातीच्या विटांचा छोटासा ओटा बांधला. मोरीचं भोकही मोठं करायचंय, ते पुढच्या सुट्टीला. भांडारवाल्या बाई ओटा बघून गेल्या आणि म्हणाल्या, पुढच्या यानात आणखी पंप मागवते, प्रत्येक घराला असाच ओटा बांधून घेऊ.

"बघ," आबा मला म्हणाले, "उंच ठेवायची म्हटलं होतं की नाही मी?"

"पण टाकीच्या वर नाही, आबा."

"ते झालंच," आबा म्हणाले, आणि ओट्यावरून एकदा हात फिरवला.